हाय पॉवर रेझिस्टरचं कूलिंग आणि बॉक्स: कामाचा क्रम, हिशोब आणि नेहमी होणाऱ्या चुका

रेझिस्टरवर १०० वॅट छापलंय म्हणून तो कुठेही, कसाही लावला तरी १०० वॅट झेलेल असं धरून बरेच जण काम सुरू करतात आणि गडबड तिथेच होते. तो आकडा ठराविक साइजच्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणारा पंखांचा धातूचा ठोकळा), ठराविक हवेत, थर्मल पेस्ट लावून, नीट आवळून बसवलेल्या रेझिस्टरचा असतो. अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा तोच रेझिस्टर हीटसिंकशिवाय हवेत ठेवला तर बऱ्याच मॉडेल्सची क्षमता निम्म्याहून खाली येते, काहींची तर एक तृतीयांशावर.

दुसरी चूक क्रमाची. आधी रेझिस्टर घेतला जातो, मग हीटसिंक शोधला जातो आणि सगळ्यात शेवटी जो बॉक्स शिल्लक असेल त्यात ते सगळं कोंबलं जातं. हिशोब बरोबर उलटा करायचा असतो, म्हणजे आधी हवा, मग बॉक्स, मग हीटसिंक आणि मग रेझिस्टर. खालचे टप्पे कामाच्या क्रमाने आहेत, फक्त बॉक्सचा हिशोब टप्पा ६ मध्ये आहे, तो हीटसिंक ठरवण्याआधी वाचून घ्या. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर पुढचे आकडे चुकतील.

## १. खरी पॉवर किती ते आधी काढा

लोड सतत चालू असेल तर सोपं आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. फक्त व्होल्टेज नेहमीचं नाही, जास्तीत जास्त किती येऊ शकतं ते धरा, कारण व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढलं की पॉवर २१ टक्क्यांनी वाढते.

ब्रेकिंग रेझिस्टरसारखं (मोटर थांबवताना परत येणारी वीज उष्णतेत घालवणारा) अधूनमधून चालणारं काम असेल तर तीन वेगळे आकडे लागतात: सुरुवातीची सर्वात जास्त पॉवर, एका वेळची एनर्जी आणि सरासरी. उदाहरण घेऊ. १५०० आरपीएमवर फिरणारा लोड, जडत्व २ किलोग्रॅम-मीटर वर्ग, ५ सेकंदात थांबवायचा, दर मिनिटाला एकदा.

एनर्जी म्हणजे अर्धा गुणिले जडत्व गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५७ रेडियन, त्यामुळे उत्तर येतं साधारण २४.७ किलोज्यूल. ५ सेकंदात सरासरी ४.९ किलोवॅट, पण वेग एकसारखा कमी होत असेल तर पहिल्या क्षणी त्याच्या दुप्पट, म्हणजे ९.९ किलोवॅटच्या आसपास. आणि पूर्ण मिनिटावर पसरवलं तर फक्त ४११ वॅट. घर्षण आणि मोटरमधला लॉस यातलं थोडं खातात, पण डिझाइन करताना ते सोडून द्या, तेवढंच मार्जिन मिळतं.

आता कोणी ४११ बघून ५०० वॅटचा रेझिस्टर लावतो आणि कोणी ९.९ बघून १० किलोवॅटचा. दोन्ही चूक. ५ सेकंदात उष्णता तारेतून बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती जवळपास सगळी तारेतच साठते. आत २०० ग्रॅम निक्रोम (रेझिस्टरच्या तारेचा निकेल-क्रोमियम मिश्रधातू) असेल तर (निक्रोमची विशिष्ट उष्णता साधारण ०.४५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश) २४.७ किलोज्यूलमुळे तारेचं तापमान एका झटक्यात २७० अंशांच्या वर चढेल, तेही आधीच्या गरम तापमानाच्या वर. तार ५० ग्रॅमच असेल तर चढ चौपट होतो आणि तार जाते. म्हणून सरासरीवरून कूलिंग ठरवायचं आणि एनर्जीवरून रेझिस्टरची तार. डेटाशीटमध्ये ओव्हरलोडचा ग्राफ असतो, किती सेकंदाला रेटिंगच्या किती पट चालेल ते त्यात वाचा.

तपासा: ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणारं युनिट) मॅन्युअलमध्ये ब्रेकिंग रेझिस्टरची किमान ओहम व्हॅल्यू दिलेली असते, त्याच्या खाली कधीच जायचं नाही, नाहीतर चॉपरचा (ड्राइव्हमधला, रेझिस्टर चालू-बंद करणारा भाग) ट्रान्झिस्टर जातो. वरची मर्यादा पॉवर ठरवते. चॉपर ७८० व्होल्टला चालू होत असेल तर ९.९ किलोवॅटसाठी ६१ ओहमच्या वर गेलात की तेवढं ब्रेकिंग मिळणारच नाही.

## २. रेझिस्टरच्या आजूबाजूची हवा किती गरम असेल ते ठरवा

खोलीचं तापमान ३० आहे म्हणून ३० धरू नका. रेझिस्टरला जी हवा लागते ती पॅनलच्या आतली, ड्राइव्ह, ट्रान्सफॉर्मर आणि शेजारच्या रेझिस्टरने तापवलेली असते. आधीच काही चालू असलेल्या पॅनलमध्ये वरच्या भागात थर्मामीटर टांगून दोन तास लोडवर ठेवा आणि तो आकडा घ्या, वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसासाठी त्यात फरक मिळवा. नवीन पॅनल असेल तर ५० ते ५५ अंश सेल्सिअस धरून चला, हे उगाच जास्त नाही.

उंचीचाही परिणाम असतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर हवा विरळ होत जाते आणि दर हजार मीटरला घनता साधारण १० टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे हवेवर अवलंबून असलेलं प्रत्येक कूलिंग ढिलं पडतं. डोंगराळ जागेसाठी काम असेल तर हे विसरू नका.

## ३. कूलिंगचा प्रकार निवडा

काही शे वॅटपर्यंत हीटसिंक आणि नैसर्गिक हवा पुरते. त्याच्यावर काही किलोवॅटपर्यंत छिद्रं असलेल्या पत्र्याच्या बॉक्समध्ये उघडे वायरवाउंड (तार गुंडाळलेले) किंवा ग्रिड (धातूच्या पट्ट्यांचे) रेझिस्टर, पॅनलच्या बाहेर, शक्यतो टपावर. जागा कमी असेल तर फॅन. जागा अजिबातच नसेल किंवा गरम हवा खोलीत सोडायची नसेल तर पाणी.

फॅन हा शेवटचा उपाय समजा असं माझं स्पष्ट मत आहे. फॅन धूळ ओढतो, बेअरिंग झिजतं, एक दिवस बंद पडतो, आणि मग त्याच्या भरवशावर लहान केलेला हीटसिंक काही मिनिटात हाताबाहेर जातो. दीडपट मोठा हीटसिंक बसत असेल तर तोच लावा.

पाण्याचं थोडक्यात: लिटर प्रति मिनिट म्हणजे १४.३ गुणिले किलोवॅट भागिले पाण्याच्या तापमानातली वाढ. १० किलोवॅट आणि १० अंश वाढ असेल तर मिनिटाला १४.३ लिटर. फ्लो स्विच लावल्याशिवाय चालू करू नका, एकाच लूपमध्ये तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र करू नका (अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं), आणि पाणी आजूबाजूच्या हवेपेक्षा खूप थंड ठेवू नका नाहीतर रेझिस्टरवर दव धरतं.

## ४. हीटसिंकचा हिशोब

इथे सगळा खेळ अंश प्रति वॅट या आकड्याचा आहे. उष्णता रेझिस्टरच्या तारेतून बॉडीत, बॉडीतून पेस्टमधून हीटसिंकमध्ये आणि तिथून हवेत जाते, प्रत्येक पायरीला थोडा अडथळा असतो आणि हे अडथळे सिरीजमधल्या रेझिस्टन्ससारखे सरळ बेरजेत येतात.

समजा लोड ६० वॅट, हवा ५० अंश, आणि बॉडी ११० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. हातात आहेत ६० अंश, भागिले ६० वॅट, म्हणजे एकूण १ अंश प्रति वॅट. पेस्टच्या जोडाला ०.२ सोडा. उरले ०.८, तर हीटसिंक ०.८ किंवा त्याहून कमी आकड्याचा हवा. आता आत बघा. डेटाशीटमध्ये तार ते बॉडी १ अंश प्रति वॅट दिलं असेल तर आतली सगळ्यात गरम जागा ११० अधिक ६० म्हणजे १७० अंशांवर असेल. रेझिस्टरची मर्यादा २०० असेल तर चालेल, १७५ असेल तर मार्जिन संपलं, मोठा रेझिस्टर घ्या किंवा दोनात वाटून द्या.

ट्रान्झिस्टरसारख्या पॅकेजमध्ये येणारे जे फिल्म रेझिस्टर असतात त्यांच्याबाबतीत तर फारच फसगत होते. त्यांच्यावर लिहिलेले ३० वॅट हे बॉडी २५ अंशांवर धरून ठेवली तर, म्हणजे प्रत्यक्षात जवळपास कधीच नाही. १५० अंशांवर क्षमता शून्य होते आणि मधे सरळ रेषा असते. बॉडी १०० अंशांवर असेल तर हिशोब ३० गुणिले ५० भागिले १२५, उत्तर १२ वॅट. एवढंच.

हीटसिंक निवडताना दोन गोष्टी बघा. नैसर्गिक हवेत पंखांमधलं अंतर ६ ते १० मिलिमीटर हवं, २-३ मिलिमीटरचे दाट पंख फॅनशिवाय हवा अडवूनच धरतात. आणि पंख उभे हवेत, आडवे लावले तर गरम हवा पंखांमध्येच अडकते.

रंगाबद्दल पण सांगतो. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णता किरणोत्सर्गाने फार कमी सोडतं, अ‍ॅनोडाइझ केलेलं किंवा रंगवलेलं कितीतरी जास्त, त्यामुळे नैसर्गिक कूलिंगमध्ये अ‍ॅनोडाइझ हीटसिंकच घ्या. रंग काळाच हवा असं मात्र नाही, या तापमानाला पांढरा पेंटही जवळपास तेवढंच काम करतो आणि बॉक्स उन्हात असेल तर पांढराच बरा. फक्त थर पातळ हवा. जोरात फॅन असेल तर रंगाने फारसा फरक पडत नाही.

सावधान: पॅनलचा पत्रा म्हणजे हीटसिंक नाही. स्टील उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण पाव पटच वाहून नेतं, त्यामुळे रेझिस्टरच्या खाली एक गरम ठिपका तयार होतो आणि बाकीचा पत्रा थंडच राहतो. पत्र्यावर लावायचाच असेल तर मधे किमान ३ मिलिमीटरची, रेझिस्टरपेक्षा बरीच मोठी अ‍ॅल्युमिनियम प्लेट द्या आणि तेवढ्या भागातला पावडर कोटिंग खरवडून काढा.

## ५. रेझिस्टर बसवणं

इथे घाई केली की आधीचा सगळा हिशोब वाया जातो.

१. हीटसिंकवर भोकं पाडली की कडा वर येतात, त्या काउंटरसिंक बिटने हलक्या हाताने काढा. अशी एक जरी वर आलेली कडा (बर) राहिली तरी रेझिस्टर एका बाजूने उचललेला राहतो.

२. स्टीलची पट्टी आडवी धरून मागून उजेड बघा. पट्टीखालून उजेड सरळ दिसत असेल तर पृष्ठभाग घासून सपाट करा.

३. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट लावू नका.

४. पेस्ट पातळ लावा, इतकी पातळ की खालचा धातू अंधुक दिसावा. पेस्टचं काम फक्त बारीक खड्ड्यांमधली हवा हटवायचं आहे. धातू धातूला जितका टेकेल तितकं चांगलं, जाड थर म्हणजे उलट अडथळा.

५. स्क्रू सगळे हाताने बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, शेवटी डेटाशीटमधल्या टॉर्कवर आणा. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर बॉडी वाकते आणि वाकलेली बॉडी परत सरळ होत नाही.

६. स्प्रिंग वॉशर टाळून बशीसारखे डिस्क वॉशर वापरा, गरम-थंड होण्यात ते दाब टिकवतात.

एका स्क्रूच्या फिल्म रेझिस्टरला स्क्रू जास्त आवळला की टॅब दबतो आणि बॉडीचं टोक वर उचललं जातं, नेमकं जिथे उष्णता तयार होते तिथेच. त्याला बॉडीच्या मध्यावर दाबणारी क्लिप लावणं कधीही चांगलं.

लांब ट्यूबच्या किंवा ग्रिड रेझिस्टरला वाढायला जागा ठेवा. अर्ध्या मीटरचा तुकडा ३०० अंशांनी तापला तर निक्रोमची लांबी २ मिलिमीटरने वाढते. एक टोक घट्ट, दुसऱ्या टोकाला लांबट खाच. दोन्ही टोकं घट्ट केली तर सिरॅमिक तडकतं.

तपासा: पहिला रेझिस्टर आवळून झाला की परत काढून बघा. दोन्ही बाजूंना पेस्टचा ठसा सगळीकडे सारखा उमटला पाहिजे. मधे कोरडा ठिपका असेल तर पृष्ठभाग सपाट नाही. मग नव्याने पेस्ट लावून बसवा.

## ६. बॉक्स

पूर्ण बंद बॉक्समध्ये उष्णता फक्त भिंतींमधून जाते, आणि रंगवलेल्या स्टील पत्र्यासाठी दर चौरस मीटरला दर अंशाला साधारण ५.५ वॅट धरतात. भिंतीला टेकलेली आणि जमिनीकडची बाजू सोडून १ चौरस मीटर उघडा पृष्ठभाग असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंश जास्त चालणार असेल तर तो बॉक्स ११० वॅट बाहेर टाकतो. किलोवॅटचा रेझिस्टर अशा बॉक्समध्ये घालून वर दरवाजा बंद करणारे भरपूर आहेत, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

पाणी किंवा धुळीमुळे बंद बॉक्स हवाच असेल तर रेझिस्टर आत ठेवून पंख बॉक्सच्या बाहेर काढा, मधे गास्केट द्या. आत बंद, बाहेर हवा, दोन्ही कामं होतात.

उघड्या प्रकारात छिद्रं खालून आणि वरून हवीत, फक्त बाजूला नाहीत. वरची एकूण उघडी जागा खालच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा कारण तापलेली हवा पसरते. आणि उघडी जागा म्हणजे जाळीचं माप नाही, ४० टक्के छिद्रं असलेल्या पत्र्यात उघडी जागा फक्त ४० टक्केच. पावसासाठी वर छप्पर द्या, पण छप्पर आणि बॉक्स यांच्यात हवेला निघायला चारी बाजूंनी फट ठेवा. आयपी२३ (बोट आणि तिरप्या पावसापासून संरक्षणाचा दर्जा) बॉक्स असेच बनवलेले असतात.

आत रेझिस्टर एकावर एक रचू नका, वरच्याला खालच्याची गरम हवा मिळते. शेजारी शेजारी लावा, जागाच नसेल तर वरची ओळ अर्ध्या अंतराने सरकवा आणि वरच्यांची पॉवर कमी धरा. ट्यूब रेझिस्टर आडवे लावले तर गरम हवा एकाच टोकाला साठत नाही.

सावधान: बॉक्सच्या वर आणि बाजूला काय आहे ते बघा. वर केबल ट्रे, प्लास्टिक डक्ट, लाकूड काहीही नको. अंतर उत्पादकाने दिलं असेल तेवढं ठेवाच, वरच्या बाजूला त्याहून जास्त. शेजारी ड्राइव्ह असेल तर मधे हवेची फट ठेवून चकचकीत पत्रा उभा करा, तो किरणोत्सर्ग परतवतो. हात लागू शकतो अशा जागी बाहेरचा पत्रा ६० अंशांच्या वर जात असेल तर दुसरी जाळी लावा आणि गरम पृष्ठभागाचं चिन्ह चिकटवा.

## ७. फॅन लावलाच तर

हवेचा हिशोब: घनमीटर प्रति तास म्हणजे ३ गुणिले वॅट भागिले हवेच्या तापमानातली वाढ. १००० वॅट आणि २५ अंश वाढीसाठी १२० घनमीटर, म्हणजे साधारण ७० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). पण फॅनवर लिहिलेला आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो, जाळी, फिल्टर, पंख आले की निम्मा होऊ शकतो, म्हणून १४० सीएफएमच्या आसपासचा घ्या किंवा फॅनचा प्रेशर ग्राफ बघून नक्की करा.

फॅन थंड बाजूला, आत ढकलणारा लावा. गरम बाजूला बाहेर ओढणारा लावला तर त्याचं बेअरिंग सतत गरम हवेत राहून लवकर जातं. हवा पंखांमधूनच जायला हवी, बाजूने पळवाट असेल तर ती तिकडूनच जाते, तिथे पट्टी लावून बंद करा. आणि लोड बंद झाल्यावर फॅन काही मिनिटं चालू राहील असा टायमर द्या, साठलेली उष्णता नंतर बाहेर येते.

## ८. वायर आणि जोड

साधी पीव्हीसी वायर ७० अंशांची असते, ती या बॉक्सच्या आत नकोच. सिलिकॉन १८० अंशांपर्यंत, पीटीएफई २६० पर्यंत, त्याच्यावर फायबरग्लास. पीव्हीसी वापरायचीच असेल तर गरम भागाबाहेर सिरॅमिक टर्मिनल देऊन तिथून पुढे.

गरम टर्मिनलवर सोल्डर करू नका. शिसेवालं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांवर वितळतं, त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. क्रिंप केलेला लग आणि नटबोल्ट, किंवा वेल्डिंग. वायरला थोडा ढिलेपणा ठेवा, ताणलेली वायर गरम-थंड होताना टर्मिनल ओढते. अर्थची वायर बॉक्सला, दरवाजाला आणि हीटसिंकला तिन्ही ठिकाणी वेगळी, रंग खरवडून.

## ९. संरक्षण, आणि इथली एक मोठी चूक

थर्मल स्विच (ठराविक तापमानाला उघडणारा) जवळपास सगळे लावतात, पण त्याची वायर ड्राइव्हच्या एनेबल इनपुटला (मोटर चालवायची परवानगी देणारा) देऊन मोकळे होतात. आता चॉपरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर काय होतं बघा. रेझिस्टर सरळ डीसी बसवर (ड्राइव्हमधली रेक्टिफाय केलेली डीसी लाइन) येतो. ४०० व्होल्ट सप्लाय रेक्टिफाय होऊन ५६५ व्होल्ट, रेझिस्टर ५० ओहमचा असेल तर सतत ६.४ किलोवॅट, आणि वरच्या उदाहरणात आपलं कूलिंग होतं ४११ वॅटच्या सरासरीसाठी. थर्मल स्विच उघडतो, ड्राइव्ह मोटर बंद करतो, पण रेक्टिफायर सप्लायला जोडलेलाच आहे त्यामुळे रेझिस्टर तापतच राहतो. आगी अशाच लागतात.

म्हणून थर्मल स्विचने ड्राइव्हच्या आधीचा मेन कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) पाडला पाहिजे, म्हणजे सप्लायच तुटला पाहिजे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये स्विच सिरीजमध्ये, आणि हाताने रिसेट केल्याशिवाय परत चालू होणार नाही असं. स्विच रेझिस्टरच्या बॉडीवर किंवा सगळ्यात गरम हीटसिंकवर बसवा, बॉक्सच्या कोपऱ्यात नाही. फॅन असेल तर फॅन बंद पडल्यावर तो स्विच खरंच उघडतो का ते पुढच्या टप्प्यात करून बघायचंच आहे.

## १०. पहिली चाचणी

१. सप्लाय बंद करा, ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये दिलेला कपॅसिटर डिस्चार्जचा वेळ थांबा, मग मीटरने डीसी बस खरंच उतरलाय का बघा. रेझिस्टरचे दोन्ही टोक ड्राइव्हपासून सोडवून मेगरने (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन मोजणारं मीटर) टोक ते अर्थ इन्सुलेशन मोजा. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर कधीच लावू नका. आकडा कमी आला आणि रेझिस्टर बरेच दिवस दमट जागी पडून होता तर तो आधी कमी पॉवरवर सुकवा, मग परत मोजा.

२. थंड असताना ओहम मोजून बॉक्सच्या आत लिहून ठेवा.

३. पॉवर एकदम पूर्ण देऊ नका, पाव, अर्धी, पूर्ण अशी चढवा. पहिल्यांदा तापताना कोटिंगमधून थोडा धूर आणि वास येऊ शकतो, खिडक्या उघड्या ठेवा. काही वेळाने तो थांबायला हवा, थांबत नसेल तर काहीतरी जळतंय.

४. तापमान के-टाइप थर्मोकपलने मोजा. इन्फ्रारेड गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवते, तीच वापरायची असेल तर काळ्या मॅट पेंटचा ठिपका द्या आणि त्यावर नेम धरा.

५. दर १० मिनिटांनी नोंद करा. सलग तीन नोंदींत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक येत नाही तोवर चाचणी संपलेली नाही, मोठ्या हीटसिंकला दोन-तीन तासही लागतात. अर्ध्या तासात ८० अंश बघून पास करणं ही फार नेहमीची चूक आहे.

६. शेवटी फॅनची वायर काढा आणि थर्मल स्विच मेन कॉन्टॅक्टर पाडतो का ते समोर उभं राहून बघा.

सगळं थंड झालं की स्क्रूंचा टॉर्क परत तपासा, पहिल्या गरमीत पेस्ट पातळ होऊन बाहेर येते आणि दाब थोडा कमी होतो. टर्मिनलचे नट पण त्याच वेळी. त्यानंतर काही आठवड्यांनी ओहम मोजून लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, थंड असतानाच. ५ टक्क्यांपेक्षा जास्त सरकला असेल तर तार मर्यादेच्या वर तापतेय असं समजा आणि टप्पा १ पासून हिशोब परत काढा.